ईरिझॉल्व्ह आला: फ्लॅग लावायचा, ओव्हरराइड लिहायचा की पॅकेजच बदलायचं?

डिसेंबर २०२४ मध्ये रिॲक्ट (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) १९ आलं, तेव्हापासून जुना प्रोजेक्ट १८ वरून १९ वर नेताना पॅकेजं बसवणाऱ्या एनपीएमची इन्स्टॉल कमांड मारली की बऱ्याचदा लाल अक्षरांत 'ईरिझॉल्व्ह' उमटतो, म्हणजे पॅकेजांची व्हर्जन्स एकमेकांशी जुळत नाहीत अशी एरर. मजकुराच्या शेवटी एनपीएम दोन पर्याय सुचवतं, फोर्स किंवा लेगसी-पीअर-डेप्स हे फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायच्या सूचना. यातून चुकीची, कदाचित मोडकी जुळणी पदरात पडेल, असंही त्याच वाक्यात बजावतं. पहिला अर्धा भाग सगळे वाचतात आणि कॉपी करतात. दुसरा कोणी वाचत नाही.

पर्याय दोनच नाहीत, आणखी आहेत. त्यातला कोणता घ्यायचा हे माझ्या मते एका प्रश्नावर ठरतं: भांडण कागदावरचं आहे की कोडमधलं?

एकच लाल मजकूर, दोन वेगळी दुखणी

रिॲक्ट-डे-पिकर ८.१०.१ घ्या, म्हणजे तारीख निवडायचं पॅकेज. शॅडसीएन या तयार कम्पोनंटच्या संचाचं जुनं कॅलेंडर असलेल्या प्रोजेक्टांत ते हमखास सापडतं. त्याच्या पीअर डिपेंडन्सीत, म्हणजे सोबत कोणत्या पॅकेजची कोणती व्हर्जन्स चालतात या यादीत, रिॲक्टची १६.८ पासूनची, १७ आणि १८ एवढीच व्हर्जन्स आहेत. १८ च्या आधी कॅरेट (^) आहे, म्हणजे १९ च्या अलीकडचं काहीही चालेल, १९ नाही. ही यादी लिहिली तेव्हा १९ स्थिर स्वरूपात आलंच नव्हतं, इतकंच त्याचं कारण. पॅकेजचा कोड १९ सोबत नीट चालतो. हे कागदावरचं भांडण.

आता रिॲक्ट-क्विल २.०.० घ्या, म्हणजे मजकूर लिहायचा एडिटर. त्याचीही यादी १८ वर थांबते आणि लाल मजकूरही तोच येतो. पण हे पॅकेज आतून फाइंड-डॉम-नोड हे रिॲक्टचं जुनं फंक्शन वापरतं आणि रिॲक्ट १९ ने ते काढून टाकलंय. फ्लॅग लावून इन्स्टॉल केलंत तर इन्स्टॉल होतं, बिल्डही होतो, लॉगिन आणि डॅशबोर्ड छान उघडतात. एडिटर असलेल्या पानावर गेलात की 'फाइंड-डॉम-नोड इज नॉट अ फंक्शन' म्हणून पान कोसळतं. टेस्टिंगमध्ये त्या पानावर कोणी गेलंच नाही, तर ही बातमी थेट ग्राहकाकडून कळते.

फरक ओळखायला फार वेळ लागत नाही. नोड-मॉड्यूल्समध्ये, म्हणजे बसवलेली पॅकेजं असतात तिथे, त्या पॅकेजचं फोल्डर उघडा आणि १९ ने काढलेल्या गोष्टी शोधा: फाइंड-डॉम-नोड, रिॲक्ट-डॉमचं जुनं रेंडर, स्ट्रिंग रेफ, फंक्शन कम्पोनंटवरचे डिफॉल्ट-प्रॉप्स (काही दिलं नाही तर धरायच्या किमती). शेवटच्या नावाला जास्त जपा. बाकीच्या गोष्टी निदान एरर देऊन मोडतात. फंक्शन कम्पोनंटचे डिफॉल्ट-प्रॉप्स मात्र १९ मध्ये गुपचूप दुर्लक्षिले जातात. एरर नाही, वॉर्निंग नाही, फक्त बटणाचा आकार किंवा टेबलातल्या ओळींची संख्या बिघडलेली दिसते आणि कारण शोधताना दिवस जातो.

त्याआधी करण्यासारखं एक काम म्हणजे रिॲक्ट १८.३ वर थांबणं. एप्रिल २०२४ चं हे व्हर्जन वागायला १८.२ सारखंच आहे, पण पुढे जाणाऱ्या गोष्टींची वॉर्निंग कन्सोलमध्ये देतं. ॲपची सगळी पानं त्यावर एकदा फिरून बघा. कोणतं पॅकेज खरंच अडणार याची यादी बऱ्यापैकी तयार मिळते.

लेगसी-पीअर-डेप्स आणि फोर्स

एनपीएम ३ ते ६ पीअरचा वाद दिसला की वॉर्निंग देऊन पुढे जायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये ७ आलं, तेव्हापासून एनपीएम पीअर पॅकेजं स्वतः बसवतं आणि जुळलं नाही तर थांबतं. लेगसी-पीअर-डेप्स हा फ्लॅग जुनं वागणं परत आणतो. तुमची तक्रार एका पॅकेजबद्दल असते, पण पीअरचा विचार सगळ्याच पॅकेजांसाठी बंद होतो. आजवर आपोआप बसणारं एखादं पीअर पॅकेज नव्या मशीनवर बसतच नाही आणि 'मॉड्यूल सापडत नाही' अशी भलतीच एरर येते, ज्याचा या फ्लॅगशी संबंध आहे हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

शिवाय हा फ्लॅग लावून तयार झालेल्या लॉकफाइलवर (बसलेल्या नेमक्या व्हर्जन्सची नोंद) सीआयमध्ये, म्हणजे आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेत, एनपीएम सीआय ही लॉकफाइलप्रमाणेच बसवणारी कमांड चालवायची तर तिथेही तोच फ्लॅग द्यावा लागतो. मग कोणीतरी वैतागून तो एनपीएमआरसी या सेटिंग्जच्या फाइलीत कायमचा टाकतो. त्या दिवसापासून प्रोजेक्टातलं पीअरचं एकही भांडण तुम्हाला दिसत नाही, खरं असलं तरी.

फोर्स पीअर पॅकेजं बसवत राहतो आणि फक्त वाद मान्य करून पुढे जातो, म्हणून वरवर सौम्य वाटतो. पण तो बाकीचीही कुलपं उघडतो. असुरक्षित पॅकेजं दुरुस्त करणाऱ्या ऑडिट फिक्स या कमांडला जोडलात तर तो मेजर व्हर्जनसुद्धा बदलतो. दोन्हींत निवडायची वेळ आलीच, तर ब्रँच काढून 'चालतं का बघू' एवढ्यापुरता लेगसी बरा. मेन ब्रँचवर मी दोन्ही येऊ देणार नाही.

ओव्हरराइड्स

कागदावरच्या भांडणाला माझी पसंती याला. एनपीएम ८.३ पासून पॅकेज-जेसनमध्ये (प्रोजेक्टाला लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेली फाइल) ओव्हरराइड्स, म्हणजे एखाद्या पॅकेजची व्हर्जनची अट बदलणाऱ्या नोंदी, लिहिता येतात. रिॲक्ट-डे-पिकर या नावाखाली रिॲक्ट लिहायचं आणि व्हर्जनच्या जागी डॉलर चिन्हासह रिॲक्ट, म्हणजे 'माझ्या प्रोजेक्टात जे आहे तेच याने घ्यावं'. सूट फक्त एका पॅकेजला मिळते. उद्या दुसऱ्या कुठल्या पॅकेजचं बिनसलं, तर ईरिझॉल्व्ह येणार आणि तो यायलाच हवा. फ्लॅगपेक्षा हा पर्याय बरा तो यामुळेच. आणखी एक फायदा म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला ही सूट डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींत, दिसते.

लिहिल्यावर एनपीएम एलएस रिॲक्ट चालवून बघा. जिथे सूट लागू झाली तिथे 'ओव्हरिडन' असा शिक्का दिसतो आणि रिॲक्टची एकच प्रत आहे याचीही खात्री होते. लोडॅशसारख्या साध्या मदतनीस लायब्ररीच्या दोन प्रती असल्या तर बंडल फुगतं, बाकी काही होत नाही. रिॲक्टच्या दोन प्रती झाल्या की हुक्स (यूज-स्टेटसारखी रिॲक्टची फंक्शन्स) मोडतात, 'इनव्हॅलिड हुक कॉल' येतो. पीअर डिपेंडन्सीचा हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच आहे.

अडचणीही आहेत. जे पॅकेज तुम्ही थेट डिपेंडन्सीत घेतलंय त्याला ओव्हरराइडमध्ये वेगळं व्हर्जन दिलंत, तर एनपीएम सरळ नकार देतं. आणि ओव्हरराइड्स फक्त मुळाच्या पॅकेज-जेसनमधले मानले जातात. तुम्ही लायब्ररी प्रकाशित करत असाल, तर तुमच्या वापरकर्त्याला त्यांचा शून्य उपयोग. तिथे स्वतःची पीअरची यादी रुंद करणं आणि प्रत्येक व्हर्जनवर टेस्ट चालवणं, याला पर्याय नाही.

भांडण खरं असेल तर

इथे ओव्हरराइड म्हणजे स्वतःची फसवणूक. पॅकेज वर न्या, बदला, किंवा रिॲक्ट १८ वर थांबा.

वर नेणं बरं, पण फुकट नाही. रिॲक्ट-डे-पिकर ९ ला रिॲक्ट १९ चालतं, मात्र त्यात क्लासनावं बदलली आहेत. शॅडसीएनचं जुनं कॅलेंडर तसंच ठेवलंत तर महिन्याची मांडणी विस्कटते. म्हणून या पॅकेजसाठी रिलीजच्या आठवड्यात ओव्हरराइड आणि पुढच्या निवांत आठवड्यात ९, असा क्रम मला पटतो.

रिॲक्ट-क्विलसाठी लोक रिॲक्ट-क्विल-न्यू या फोर्ककडे, म्हणजे त्याच कोडवरून काढलेल्या वेगळ्या पॅकेजकडे, वळतात. नाव जवळजवळ तेच, त्यामुळे इम्पोर्ट बदलला की काम झालं असं वाटतं. पण जुन्याखाली क्विल १ होतं, नव्याखाली २ आहे. क्विल २ एडिटरमधल्या ठिपक्यांच्या याद्याही ओएल या आकड्यांच्या यादीच्या टॅगमध्येच ठेवतं आणि ठिपका आहे हे एका डेटा ॲट्रिब्यूटमध्ये सांगतं. तुम्ही एडिटरचं एचटीएमएल जसंच्या तसं डेटाबेसमध्ये साठवत असाल आणि क्विलचं सीएसएस नसलेल्या पानावर किंवा ईमेलमध्ये दाखवत असाल, तर ठिपक्यांच्या जागी १, २, ३ उमटेल. एडिटर प्रोजेक्टाचा कणा असेल तर हे काम वेगळ्या तिकिटावर घ्या, रिॲक्टच्या अपग्रेडमध्ये कोंबू नका. तोवर १८.३ वर राहण्यात कमीपणा काही नाही.

यार्न किंवा पीएनपीएमवर गेलं तर?

हे एनपीएमऐवजी वापरायचे पॅकेज मॅनेजर. एरर जाते, वॉर्निंग राहते. त्याला तोडगा म्हणता येत नाही. पीएनपीएमची एक सोय मात्र खरंच नेमकी आहे: पीअर-डिपेंडन्सी-रूल्समध्ये 'अमुक पॅकेजला रिॲक्ट १९ चालतं असं समज' एवढंच सांगता येतं, इन्स्टॉल काय होतं ते बदलत नाही. आधीच पीएनपीएमवर असाल तर तीच वापरा. केवळ ईरिझॉल्व्हला कंटाळून अख्ख्या टीमला पॅकेज मॅनेजर बदलायला लावणं मला पटत नाही.

आणि ते 'सगळं डिलीट करून पुन्हा इन्स्टॉल'

नोड-मॉड्यूल्स खुशाल उडवा, ते पुन्हा बनतं. पॅकेज-लॉक ही लॉकफाइल उडवलीत की एका भांडणापायी शेकडो पॅकेजं आपापल्या कॅरेटच्या मर्यादेत सर्वांत नव्या व्हर्जनवर सरकतात. पीअरचा वाद त्याने क्वचितच मिटतो, कारण तो पॅकेज-जेसनमधूनच येतो. ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक आणि डीबगसारख्या पॅकेजांची घातक व्हर्जन्स एनपीएमवर चढवली गेली आणि काही तासांत काढली गेली. ज्यांची लॉकफाइल जागेवर होती, त्यांच्या एनपीएम सीआयने त्या तासांतही जुनीच व्हर्जन्स बसवली.