घाटाने गावी जाणाऱ्यांनी कोणती गाडी घ्यावी? मॅन्युअल, एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी

ऑटोमॅटिक घ्यावी की मॅन्युअल, हा प्रश्न पुण्या-मुंबईत बहुतेक वेळा ट्रॅफिकमुळे पडतो. सिंहगड रोडला नाहीतर घोडबंदरला तासभर क्लच दाबून डावा पाय भरून आला की माणूस ऑटोमॅटिककडे वळतो, आणि त्यात काही चूक नाही. पण तीच गाडी गणपतीला चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कुंभार्ली किंवा आंबेनळी घाट उतरणार असते. शोरूममध्ये मायलेज आणि टचस्क्रीनवर बोलणं होतं, उताराचं नाव कोणी काढत नाही. म्हणून इथे मी तुलना घाटापासूनच सुरू करतो. तुमचं गाव घाटापलीकडे असेल आणि बजेट सात ते पंधरा लाखांच्या आसपास असेल, तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी उताराचं गणित

चढ सगळ्यांना दिसतो, कारण इंजिन ओरडतं. उतार शांत असतो आणि खरा धोका तिथे असतो. महाबळेश्वर साधारण 1350 मीटर उंचीवर आहे. तिथून आंबेनळीने पोलादपूरला उतरताना गाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास उंची गमावते. माणसं-सामान धरून गाडीचं वजन 1300 किलो धरलं, तर एवढ्या उतारात सुटणारी ऊर्जा सुमारे 45 लिटर गार पाणी उकळीला आणायला पुरते. थोडी हवा खाते, थोडी टायर खातात. उरलेली ऊर्जा एकतर इंजिन अडवून धरतं, नाहीतर ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते.

ब्रेक सतत दाबून उतरलं की पॅड तापतात आणि त्यांची पकड कमी होते. पेडल पायाला घट्ट लागतं, पण गाडी हवी तशी आवरत नाही. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळणं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, ओल शोषलेल्या ऑइलचा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. उकळलं की त्यात वाफ होते, पेडल मऊ पडतं आणि तळाला जातं. कोकणातल्या दमट हवेत राहणाऱ्या गाडीचं ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. गिअरबॉक्स कुठलाही घ्या, हे काम टाळू नका.

जुने एसटी ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. नियम आजही खरा आहे. आजची टर्बो इंजिनं वरच्या गिअरमध्येही चढ ओढतात, म्हणून मी तर एक गिअर आणखी खाली म्हणेन. न्यूट्रल करून गाडी सोडली की पेट्रोल वाचतं, हा समज मात्र साफ खोटा आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचं इंधन जवळपास बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं. म्हणजे बचत नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर.

आता प्रत्येक प्रकाराला एकच प्रश्न विचारायचा: उतारावर इंजिन किती हातात राहतं, आणि चढावरच्या जाममध्ये तो किती सोसतो?

मॅन्युअल

उतारावर याला तोड नाही. दुसरा टाकला की गाडी दुसऱ्यातच राहते, ती परस्पर तिसऱ्यात जात नाही. ब्रेक वळणाच्या आधी थोडा दाबायचा, सोडायचा, पॅडना थंड व्हायला वेळ मिळतो. किमतीत सर्वांत स्वस्त, आणि क्लच प्लेट बदलणारा मेकॅनिक चिपळूणलाही मिळतो, सावंतवाडीलाही. बॅटरी उतरली तर चार जण धक्का मारून बहुतेक गाड्या चालू होतात.

कस लागतो तो चढावरच्या जाममध्ये. लाँग वीकेंडला खंडाळ्याच्या चढावर गाड्या फूट-फूट सरकत असतात आणि बहुतेक जण हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतात. जळका वास येतो तो याचाच. उपाय जुनाच आहे: हँडब्रेक ओढा, पुढची गाडी दोन-तीन गाड्यांइतकी पुढे जाऊ द्या, मग क्लच पकडतोय असं जाणवलं की हँडब्रेक सोडा. ज्याला हे सवयीचं झालं त्याचा क्लच घाटातही बराच टिकतो. नवशिक्याला मात्र इथे घाम फुटतो, आणि मागे डंपर उभा असेल तर ते साहजिकच आहे.

एएमटी

भारतात 2014 साली मारुतीच्या सेलेरिओपासून एएमटी घरोघरी पोचली. मॅन्युअलपेक्षा साधारण 50 हजार रुपये जास्त मोजले की क्लचचं पेडल जातं, म्हणून ती खूप विकली जाते. आणि सर्वांत जास्त गैरसमजही तिच्याबद्दलच आहेत, त्यामुळे हिच्यावर थोडं सविस्तर.

एएमटी म्हणजे आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच. तोच क्लच, तेच गिअर. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम ॲक्च्युएटर, म्हणजे संगणकाच्या इशाऱ्यावर चालणारी यंत्रणा, करते. त्यामुळे हाफ क्लचचं दुखणं तसंच राहतं, फक्त ते तुमच्या पायाला कळत नाही. चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवली, तर आत क्लच घासत असतो. काही गाड्या क्लच तापल्याचा इशारा देतात, तो येईपर्यंत थांबू नये. चढावर उभं राहायचं ते ब्रेकवर, जास्त वेळ असेल तर हँडब्रेकवर.

मागे सरकण्याचा प्रश्नही इथेच येतो. चढावर ब्रेकवरचा पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेला, की क्लच पकडेपर्यंत एखादा क्षण जातो आणि गाडी तेवढी मागे येते. हिल होल्ड असेल तर ब्रेक दोन-तीन सेकंद धरून राहतो आणि हा क्षण निभावतो. माझं मत स्पष्ट आहे: हिल होल्ड नसलेली एएमटी घाटासाठी घेऊ नये. बेस व्हेरियंटमध्ये ते आहे का, हे ब्रोशरमध्ये स्वतः पाहा.

उतारावर एएमटी डी मध्ये, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये, ठेवली तर वेग वाढला की ती वरचा गिअर टाकते, म्हणजे इंजिन अडवत होतं तेही सुटतं. म्हणून उतार लागायच्या आधी लिव्हर एम मध्ये घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर स्वतः टाकायचा. एवढं केलं तर एएमटी मॅन्युअलइतकीच चांगली उतरते. पण एएमटी घेऊन वर्षानुवर्षं एम ला हात न लावलेले खूप लोक आहेत, आणि ते सगळे घाट ब्रेकवर उतरतात.

ओव्हरटेकचंही सांगायला हवं. चढावर ट्रक ओलांडायला पाय दाबला की एएमटी गिअर बदलताना क्षणभर ओढ सोडते. दुपदरी घाटात, समोरचं वळण जवळ असताना, तो क्षण फार मोठा असतो. एम मध्ये आधी गिअर उतरवून मगच बाहेर निघा, नाहीतर निघूच नका.

आणि पार्किंग. मारुती, टाटाच्या एएमटीमध्ये लिव्हरवर पी, म्हणजे पार्क, नसतो. न्यूट्रलमध्ये ठेवून नुसत्या हँडब्रेकवर गाडी उतारावर सोडून जाणं धोक्याचं आहे. ब्रेक दाबून हँडब्रेक ओढा, लिव्हर डी किंवा आर मध्ये ठेवा आणि इंजिन बंद करा. गाडी गिअरमध्ये अडकून राहते. चाकाला दगड लावला तर आणखी चांगलं.

देखभालीत क्लच प्लेट मॅन्युअलसारखीच झिजते, पण बदलल्यावर संगणकाला नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते, त्यासाठी स्कॅनर लागतो. तालुक्याच्या गावी तो असेलच असं नाही.

टॉर्क कन्व्हर्टर

ब्रेझा, अर्टिगा यांच्यात हा सहा गिअरचा येतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घासणारी क्लच प्लेट नसून तेल असतं, त्यामुळे चढावरच्या जाममध्ये हा सर्वांत कमी कुरकुरतो. ब्रेक सोडला की गाडी अलगद पुढे सरकते, बऱ्याच चढांवर मागे येतच नाही. खंडाळ्याच्या, कसाऱ्याच्या जाममध्ये तासभर अडकल्यावर ज्याला गुडघा दुखायला नको आहे त्याने हाच बघावा.

उतारावर डी वर विसंबू नका. स्टिअरिंगमागे गिअर बदलायच्या पट्ट्या (पॅडल) असतील तर त्यांनी, नसतील तर लिव्हरवर खालचा गिअर धरून ठेवायची जी सोय असेल तिने उतरा. ती वापरली की इंजिन नीट अडवतं.

किंमत मॅन्युअलपेक्षा लाख-सव्वा लाख किंवा त्याहून जास्त, मायलेजही थोडं कमी. गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं आणि घाटात, भरल्या गाडीने नेहमी चालवणाऱ्यांनी ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या खडतर वापराच्या वेळापत्रकाने बदलावं. पार्क करताना थेट पी मध्ये टाकून ब्रेक सोडला, की सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिळीवर येतं आणि निघताना ठण्ण आवाज येतो. आधी हँडब्रेक ओढायचा, ब्रेक सोडून गाडी त्यावर बसू द्यायची, मग पी.

सीव्हीटी आणि ड्युअल क्लच

सीव्हीटीत गिअरचे टप्पेच नसतात, पट्टा आणि पुलीवर काम चालतं. होंडाच्या गाड्यांत तो बऱ्याच वर्षांपासून आहे, निसान मॅग्नाइटच्या टर्बोमध्येही. शहरात याच्याइतकं मऊ काही नाही. उतारावर मात्र डी मध्ये इंजिन फारसं अडवत नाही, त्यामुळे लिव्हरवरचं एल (लो) किंवा एस (स्पोर्ट) वापरणं सक्तीचं समजा. तेल कंपनीचंच, दुसरं चालत नाही.

ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आलटून-पालटून काम करतात. तो मोकळ्या घाटात फार छान चालतो, गिअर झटपट बदलतो आणि उतारावर पकडून ठेवतो. पण ड्राय, म्हणजे कोरड्या क्लचचा प्रकार चढावरच्या सरकत्या जाममध्ये तापतो. वेट, म्हणजे तेलात बुडालेला क्लच त्यापेक्षा बरा सोसतो. दुरुस्ती दोन्हींची महाग.

इलेक्ट्रिक गाडी बघत असाल तर एकच गोष्ट: उतारावर मोटर गाडी अडवते आणि बॅटरीही भरते, पण बॅटरीत जागा असेल तरच. महाबळेश्वरला रात्रभर 100 टक्के चार्ज करून सकाळी घाट उतरलात, तर सुरुवातीला ही मदत फार कमी मिळते.

पायांची सवय

घरात एक मॅन्युअल आणि एक ऑटोमॅटिक असेल तर हे नक्की वाचा. ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय पूर्ण रिकामा ठेवायचा, फुटरेस्टवर. घाबरल्यावर सवयीने डावा पाय क्लच शोधतो आणि रुंद ब्रेकवर जोरात पडतो. मागची गाडी येऊन आदळते. दुसरा धोका उलटा: पार्किंगमध्ये ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला जातो. दोन्हीवर इलाज एकच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने, आणि सुरुवातीचे काही दिवस मोकळ्या मैदानावर. आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरी बांधून ओढू नका. इंजिन पुढची चाकं फिरवत असेल तर ती उचलून, नाहीतर फ्लॅटबेडवरच, म्हणजे अख्खी गाडी ट्रकवर चढवून न्या, नाहीतर गिअरबॉक्स जाऊ शकतो. इन्शुरन्समध्ये फ्लॅटबेड टोइंग आहे का ते घेतानाच पाहा.

मी काय घेईन

महिन्या-दोन महिन्यांनी घाट ओलांडणारं कुटुंब, एकापेक्षा जास्त जण चालवणारे, आणि बजेट पुरतंय: टॉर्क कन्व्हर्टर. बजेट ताणलेलं आणि चालवणारा सरावलेला: मॅन्युअल, बिनधास्त. एएमटी तेव्हाच, जेव्हा रोजचा प्रवास शहरातला आहे, घाट वर्षातून मोजक्या वेळा आहे, हिल होल्ड आहे आणि चालवणारा प्रत्येक जण एम वापरायला शिकायला तयार आहे. सीव्हीटी शहरासाठी. ड्राय ड्युअल क्लच घाटातल्या जामच्या हंगामात मी घेणार नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं कोणी चालवणार असेल तर मॅन्युअलचा विचार सोडा, आणि गाडी पुन्हा कधी चालवायची ते डॉक्टरांना विचारा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका. पुण्यात असाल तर कात्रजच्या जुन्या घाटात, ठाण्यात असाल तर येऊरच्या चढावर नेऊ देण्याचा आग्रह धरा, आणि चार जण बसवा. मोकळी जागा बघून चढावर थांबा, मागे कोणी नाही हे पाहून ब्रेक सोडा, गाडी किती मागे येते ते बघा. मग उतारावर खालचा गिअर धरून ठेवा आणि ब्रेकला पाय न लावता वेग किती वेळ ताब्यात राहतो ते बघा. सेल्समनला खालचा गिअर कसा धरायचा हेच सांगता आलं नाही, तर गाडीतली पुस्तिका मागून ते पान त्याच्यासमोरच वाचा.