‘अनलिमिटेड’ होस्टिंगचे अकरा महिने : चादरीच्या दुकानातून

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला झालेल्या त्रासातला निम्मा त्रास माझ्या अडाणीपणाचा होता. आमचं सोलापुरात चादरी-टॉवेलचं दुकान आहे. घाऊक गिऱ्हाइकांना डिझाइनं दाखवायला वेबसाइट हवी होती. शेअर्ड होस्टिंग घेतली, म्हणजे एकाच मशीनवर आपल्यासारखे शंभरजण. पहिल्या वर्षाचा दर बघून अण्णासुद्धा म्हणाले, “एवढ्यात तर चार चादरी येत नाहीत की.”

पैसे भरतानाच पहिली चूक झाली. एसएसएलचे वेगळे पैसे भरले. एसएसएल म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली वाट कुलूपबंद करणं, ज्यामुळे पत्त्यात एचटीटीपीएस येतं. लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेचं एसएसएल प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि दर काही आठवड्यांनी आपोआप नवं होतं, हे नंतर कळलं. तेच आमच्या होस्टिंगच्या पॅनेलवर, म्हणजे साइट सांभाळायच्या पानावर, एका बटणावर होतं! आणि कुलूप दिसलं म्हणजे दुकानदार सचोटीचा, असं नाही. लबाडाची साइटही एचटीटीपीएसवर चालते.

डोमेन म्हणजे फक्त नाव, वर्षाच्या बोलीवर घेतलेलं. होस्टिंग म्हणजे आपल्या फायली ठेवलेलं मशीन. दोन्ही एकाच ठिकाणी घ्यावंच लागतं असं नाही. आमचं डोमेन आधीपासून दुसरीकडे होतं, मेलही तिथूनच चालायचा. इथेच माती खाल्ली.

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, दुकानात गर्दी. होस्टिंगवाल्यांच्या मेलमध्ये लिहिलं होतं, ‘नेमसर्व्हर बदला.’ बदलले. साइट सुरू झाली, मी खूश. दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या व्यापाऱ्याचा फोन, “तुमचा मेल परत येतोय.” पुण्याच्या गिऱ्हाइकाचा मात्र नीट पोचला होता. काही मेल येतात, काही परत जातात. अण्णांना वाटलं, नेटचं बिल थकलंय.

झालं काय होतं, तर नेमसर्व्हर म्हणजे आपल्या नावाचा तलाठी. साइट कोणत्या आयपी पत्त्यावर आहे (ए रेकॉर्ड), मेल कुठे पोचवायचा (एमएक्स रेकॉर्ड), या नोंदी त्याच्या दप्तरात. मी एक नोंद न बदलता तलाठीच बदलला. नव्याकडे मेलची जुनी नोंद नव्हती. त्याने स्वतःच्याच मशीनचा पत्ता लिहून ठेवला होता आणि तिथे आमची पेटीच नव्हती. मग पुण्याचा मेल कसा आला? ज्याने आधीच उतारा काढून ठेवलाय तो मुदत संपेपर्यंत तोच वापरतो. या मुदतीला टीटीएल म्हणतात. ती सेकंदांत लिहितात. ८६,४०० म्हणजे पूर्ण दिवस. आम्ही नव्या दप्तरात एमएक्सची नोंद घातली, तरी सगळं ठिकाणावर यायला दीड दिवस गेला. साइट हलवायची असेल तर आदल्या दिवशी टीटीएल ३०० करून ठेवा आणि जुन्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढा. हेल्पलाइनवाल्याने ‘प्रॉपगेशन (म्हणजे नव्या नोंदी सगळीकडे पोचणं) चालू आहे, ४८ तास थांबा’ एवढंच चारदा सांगितलं. थांबून एमएक्स थोडाच उगवतो!

‘अनलिमिटेड’बद्दलही बोलतो. जागा अमर्याद, पण फायलींची संख्या नाही. ती आयनोडमध्ये मोजतात. प्रत्येक फाइल, प्रत्येक फोल्डर एकेक आयनोड खातं. आमची साइट ज्यावर बनवलीय ते वर्डप्रेस एका फोटोच्या चार-सहा लहानमोठ्या प्रती स्वतःच बनवतं. आमची चारशे डिझाइनं, प्रत्येकाचे तीन फोटो, वर कॅशेचं प्लगइन (पानं लवकर उघडावीत म्हणून त्यांच्या तयार प्रती साठवणारी जोडणी) हजारोंनी फायली पाडतंय. पाचव्या महिन्यात ताकीद आली. कॅशे साफ केला, जुने बॅकअप घरच्या हार्ड डिस्कवर उतरवले. बॅकअप तसाही तिथेच हवा. ज्या मशीनची भीती, त्याच मशीनवर प्रत ठेवून काय उपयोग?

वेगाबद्दल गल्लत करू नका. घरचा १०० एमबीपीएसचा प्लॅन साइट वेगवान करत नाही. शिवाय तिथला ‘बी’ बिटचा. आठने भागा, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. आमची साइट रेंगाळायची ती सर्व्हर अमेरिकेत असल्यामुळे. नुसतं जाऊन यायलाच दोनशे मिलिसेकंदांवर. मुंबईच्या सर्व्हरवर हलवून घेतली, फरक अण्णांनाही कळला. साइट घेतानाच ठिकाण विचारायला हवं होतं.

साइट बंद पडली तर आकडा बघा. ४०४ म्हणजे ते पान त्या पत्त्यावर नाही, बहुधा आपलाच दुवा चुकलेला. ५०० च्या घरातला आकडा म्हणजे गडबड सर्व्हरच्या बाजूला, पण तीही कधी आपल्याच प्लगइनने केलेली असते. आमच्याकडे तीनदा ५०३ आला, दोनदा त्यांचा दोष, एकदा माझा.

आता नूतनीकरणाची नोटीस आलीय, पहिल्या दराच्या तिप्पट. पैसे आपोआप कापले जाणार होते, ते बंद केलं. मुंबईचा सर्व्हर चांगला चालतोय, म्हणून वर्षभर आणखी ठेवायचं म्हणतोय, घासाघीस करून. डोमेन मात्र त्यांच्याकडे हलवणार नाही. ‘फुकट ट्रान्स्फर’च्या तीन जाहिराती आल्या, पण ऑथ कोड, म्हणजे डोमेन दुसरीकडे हलवायची किल्ली, माझ्या वहीतच राहील.