बर्फावरच्या मासेमारीसाठी तरंगणारा सूट: बसण्याआधी चालण्याचा विचार

गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बसणाऱ्यांसाठी जे तरंगणारे सूट बाजारात आहेत, त्यांची जाहिरात बहुतेक वेळा उबेची असते. अस्तर किती ग्रॅमचे, उणे किती अंशांपर्यंत थंडी सोसेल, गुडघ्यांना गादी किती जाड, याची माहिती ठळक अक्षरांत दिलेली असते. पाण्यात पडल्यावर सूट नेमके काय करील, हे मात्र आतल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत शोधावे लागते. शिवाय बर्फाला पाडलेल्या भोकाशेजारी शांत बसलेला माणूस सहसा खाली जात नाही, कारण तिथल्या बर्फाची जाडी त्याने ऑगर (बर्फाला भोक पाडायचा गिरमिट) चालवतानाच पाहिलेली असते. बर्फ दगा देतो तो वाटेत: एखादा ओढा तळ्याला मिळतो तिथे, लव्हाळ्यांच्या बेटाजवळ, दाबाने उंचावलेल्या भेगेपाशी, किंवा हंगामाच्या सुरुवातीला आणि अखेरीला किनाऱ्यालगत. त्या वेळी माणूस सामानाने भरलेली स्लेड, म्हणजे बर्फावरून ओढायची घसरगाडी, ओढत असतो, घामाघूम झालेला असतो आणि जॅकेटची झिप छातीपर्यंत उघडी असते. बऱ्याचदा तर जॅकेट स्लेडवरच पडलेले असते. म्हणून या सूटांची पारख करताना माझा पहिला प्रश्न असा असतो की, चालताना हा सूट पूर्ण बंद करून अंगावर ठेवता येईल का? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर बाकीचे गुण कितीही सरस असले तरी त्यांचा उपयोग होण्याची वेळ येईलच असे नाही.

पाण्यात गेल्यावर काय होते, हे लक्षात घेतले की या प्रश्नाचे वजन कळते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ गॉर्डन गिसब्रेश्ट यांनी गार पाण्यातील घटनाक्रम १-१०-१ अशा सोप्या सूत्रात मांडला आहे. पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो आणि तो ताब्यात आणावा लागतो. पुढची सुमारे १० मिनिटे हातपाय कामाचे राहतात. आणि थंडीने शुद्ध हरपण्याआधी साधारण १ तास हाताशी असतो. लोकांना भीती वाटते ती शेवटच्या तासाची. घात मात्र अनेकदा पहिल्या मिनिटातच होतो, कारण धाप लागलेल्या अवस्थेत डोके पाण्याखाली गेले की पाणी थेट श्वासात जाते. तरंगणाऱ्या सूटाचे मुख्य काम हेच की, त्या एका मिनिटात माणसाला काहीही न करता तोंड पाण्यावर ठेवता यावे. ऊब टिकवणे हे त्याचे दुसरे काम. तेही लहान नाही, कारण पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते आणि या सूटांत भरलेला बंद छिद्रांचा फोम भिजला तरी ती गळती बरीच रोखतो. कापूस किंवा साधे तंतुमय अस्तर भिजल्यावर तसे करू शकत नाही.

आता मान्यतेचा प्रश्न, ज्यावर ग्राहकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. बाजारात एकसारखे दिसणारे दोन प्रकारचे सूट शेजारी शेजारी टांगलेले असतात. एका प्रकाराला जीवरक्षक साधन म्हणून अधिकृत मान्यता असते. दुसरा केवळ तरंगायला मदत करतो आणि आपण मान्यताप्राप्त जीवरक्षक साधन नाही, असे त्याचा निर्माताच लिहून देतो. अमेरिकेत ही मान्यता तटरक्षक दलाकडून मिळते. मस्टँग सर्व्हायव्हलचे कव्हरऑल (वरपासून खालपर्यंत एकसंध सूट) आणि फ्रॅबिलचा आय-फ्लोट या मान्यता मिळालेल्या गटात मोडतात. स्ट्रायकर आणि क्लॅम यांचे बर्फासाठीचे सूट मासेमारांमध्ये अतिशय लोकप्रिय आहेत, परंतु त्यांतील अस्तराचे वर्णन तरंगण्यास साहाय्य करणारे एवढेच आहे. युरोपात आयएसओ १२४०२-५ हे मानक तरंगण्यास मदत करणाऱ्या ५० न्यूटन पातळीच्या साधनांसाठी आहे, तर दीर्घकाळ अंगावर वागवायच्या, गार पाण्यापासून संरक्षण देणाऱ्या सूटांसाठी आयएसओ १५०२७-१ हे वेगळे मानक आहे. पहिल्यात प्लावक बल, म्हणजे तरंगवण्याची ताकद, मोजले जाते आणि दुसऱ्यात उष्णतेचे रक्षण, म्हणून चिठ्ठीवर कोणता क्रमांक आहे हे वाचल्याशिवाय दोन सूटांची तुलना करण्यात अर्थ नाही.

५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलो वजन पाण्यावर उचलून धरण्याइतके बल. हा आकडा ऐकून अनेकांना तो अपुरा वाटतो, परंतु पाण्यात बुडालेल्या शरीराचे वजन जवळजवळ सगळे पाणीच पेलते. उचलायचे असते ते मुख्यतः पाण्याबाहेर राहिलेले डोके. शुद्धीवर असलेल्या माणसाला एवढे बल पुरते. शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणे वळवून त्याचे तोंड वर ठेवण्याची हमी मात्र ५० न्यूटन पातळीचे साधन देत नाही. त्यासाठी वरच्या पातळीची लाइफ जॅकेटे लागतात आणि ती घालून बर्फात भोक पाडणे अवघड असते. हा व्यवहार समजून उमजून करावा लागतो. मी स्वतः बर्फावर एकट्याने जाणाऱ्याला मान्यता असलेलाच सूट सुचवीन. सोबत्यांसह जाणाऱ्याने, ज्यांच्या स्लेडवर दोर आहे आणि तो फेकण्याची सवय आहे, साहाय्यक अस्तराचा हलका सूट घेतला तर त्याला मी चूक म्हणणार नाही, मात्र तो सूट वाटेतही बंद राहणार असेल तरच.

एकसंध कव्हरऑल आणि जॅकेट-बिबची जोडी यांतली निवड वरवर सोयीची वाटते, पण ती सुरक्षिततेचीच आहे. बिब म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट. कव्हरऑलचा मोठा गुण असा की त्याचे दोन भाग नसतात, त्यामुळे अर्धा सूट स्लेडवर राहण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कमरेपाशी फट नसल्याने गार पाण्याची ये-जा कमी होते आणि सूट वर सरकून हनुवटीखाली गोळा होत नाही. दोषही तितकाच ठळक आहे. तापलेल्या तंबूत शिरल्यावर तो कमरेपर्यंत उतरवून बाह्या बांधून बसावे लागते, आणि नैसर्गिक विधीसाठीची कसरत तर वेगळीच. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी घडवलेले कव्हरऑल जड आणि उबदार असतात. ते घालून लांब चालणे म्हणजे घामाला आमंत्रण.

जोडीत ही गैरसोय नाही, आणि म्हणूनच बर्फावर बहुसंख्य लोक जोडी वापरतात. परंतु जोडीचा एक धोका विक्रेते सांगत नाहीत. काही सूटांत फोम जॅकेट आणि बिब दोन्हींत वाटलेला असतो. पूर्ण जोडी अंगावर असेल तर हे उत्तमच, कारण पाय पृष्ठभागाकडे उचलले जातात, शरीर आडवे होते आणि पाय झाडून छाती बर्फाच्या कडेवर सरकवणे सोपे जाते. बर्फातून बाहेर पडण्याची योग्य पद्धत हीच आहे: ज्या दिशेने आलो त्या दिशेला वळायचे, कारण तिकडच्या बर्फाने आपले वजन आधी पेललेले असते, मग पाय झाडत आडवे व्हायचे, टोच्यांनी (हातात धरायच्या अणकुचीदार खिळ्यांनी) पकड घ्यायची आणि वर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जायचे. पण जॅकेट काढून फक्त बिबवर चालणारा माणूस पाण्यात गेला, तर उचल पायांना मिळते आणि छातीला आधार उरत नाही. म्हणून ज्याला जॅकेट काढून चालायची सवय आहे आणि ती सुटणार नाही, त्याने बिबचा फोम छातीच्या भागापर्यंत आहे की केवळ मांड्या-गुडघ्यांत, हे हाताने चाचपून पाहावे. केवळ पायांत असेल, तर तो सूट त्याच्यासाठी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

जॅकेट काढून चालावे लागते ते घामामुळे, आणि त्याचा उपाय सूटातच असायला हवा. काखेत झिप, मांडीच्या बाजूने लांब झिप, घामाची वाफ बाहेर सोडणारे पडद्यासारखे कवच आणि काढता येणारे अस्तर, या चार गोष्टींना मी अस्तराच्या ग्रॅमपेक्षा जास्त गुण देतो. त्यांपैकी काढता येणारे अस्तर सर्वांत मोलाचे, कारण ते पिशवीत टाकून फोमचे कवच बंद ठेवून चालता येते आणि बसायच्या जागी पोहोचल्यावर अस्तर पुन्हा घालता येते. मात्र खरेदी करताना खात्री करावी की प्लावक बल कवचात आहे, अस्तरात नाही. काही सूटांत अस्तर काढले की तरंगण्याची सोयही त्याच्यासोबत निघून जाते. जाड सूट विकत घेऊन आत काहीच न घालण्यापेक्षा मध्यम जाडीचा सूट आणि आत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे दोन थर, ही रचना चालणाऱ्याला अधिक मानवते.

हे सूट कोरडे ठेवणारे नाहीत, हेही आधीच समजून घ्यावे. मानेपाशी आणि मनगटापाशी रबरी सील असलेला सूट निराळा. तो बचाव पथके वापरतात. इथे गळा, बाह्या आणि पायांच्या घोट्यांतून पाणी शिरणारच. कवच १०,००० मिलिमीटर पाण्याचा दाब सोसते, हा आकडा पावसासाठी आणि ओल्या बर्फावर गुडघे टेकण्यासाठी कामाचा आहे, पडल्यावर नाही. आत शिरलेले पाणी पाण्यात असेपर्यंत खाली ओढत नाही, कारण पाण्यात पाण्याला वजन नसते. त्याचा भार जाणवतो तो कडेवर चढताना, जेव्हा प्रत्येक लिटरमागे एक किलो अंगावर येते. म्हणून घोट्यांपाशी आणि जॅकेटच्या खालच्या कडेला पाणी निथळून जाण्यासाठी जाळी आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. मनगटाला आतून निओप्रीनची (लवचीक रबरी कापडाची) पट्टी आणि बाहेरून वेल्क्रो अशी दुहेरी सोय असलेल्या बाह्यांत पाण्याची ये-जा संथ होते आणि शरीराने तापवलेले पाणी थोडा वेळ आत राहते.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखे नाही: काळा सूट झकास दिसतो, पण काळ्या पाण्यातल्या भोकात तो शोधणाऱ्याला दिसत नाही, तेव्हा खांद्यांवर आणि टोपीवर नारिंगी किंवा पिवळा भाग आणि परावर्तक पट्ट्या असाव्यात. झिप जाड दातांची, प्लास्टिकची हवी. बारीक धातूची झिप गोठून बसते. बर्फाचे टोचे ठेवायचे खिसे छातीवर हवेत, कमरेवर किंवा मांडीवर नकोत, कारण पाण्यात असताना हात तिथे सहज पोहोचत नाही आणि बोटे बधिर होत जातात. शिटीसाठी गळ्यापाशी जागा असेल तर उत्तम.

मापाची पारख दुकानात उभ्या उभ्या करू नये. आत घालायचे सगळे थर घालून, बूट चढवून गुडघ्यांवर बसावे, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत आणि कुणाला तरी जॅकेटचे खांदे जोराने वर ओढायला सांगावे. जॅकेट कानांपर्यंत सरकले, तर पाण्यातही ते तसेच सरकेल आणि तोंड झाकेल. कमरेचा पट्टा, बिबला जोडणारी झिप किंवा दोन पायांमधून जाणारा पट्टा यांपैकी काहीतरी एक हवेच, आणि मोठे माप घेऊन पुढे वाढीव कपडे घालता येतील हा विचार इथे टाकून द्यावा.

सूटाऐवजी साध्या जॅकेटवर फुगणारी लाइफ जॅकेट घालावी का, असे अनेकजण विचारतात. कडक थंडीत वायूच्या नळकांडीचा दाब घटतो आणि फुगणे मंदावते. पाणी लागताच जॅकेट आपोआप फुगवणारी यंत्रणा वितळलेल्या बर्फानेही सुरू होऊ शकते. आणि उष्णतेचे रक्षण तर मुळीच होत नाही. फोम भरलेला साधा लाइफ व्हेस्ट हा मात्र प्रामाणिक पर्याय आहे आणि ज्याला सूट परवडत नाही किंवा सोसत नाही, त्याने तो चालताना जॅकेटवर जरूर घालावा. बर्फावर बंद मोटारीतून जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: बुडत्या मोटारीत तरंगणारा सूट माणसाला छताकडे दाबून धरतो, म्हणून आत बसताना झिप उघडी आणि खिडकी खाली असावी.

हंगामाच्या अखेरीस सूट तंबूतल्या गॅसच्या शेगडीजवळ वाळवण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि तिने नायलॉनचे कवच वितळते, फोमही आकसतो. सूट सावलीत टांगून वाळवावा आणि सामानाखाली दाबून ठेवू नये, कारण वर्षभर दबलेला फोम पुन्हा पुरता फुलत नाही. पुढच्या हंगामाआधी पोहण्याच्या तलावात, उथळ बाजूला, कडेवर कुणीतरी उभे असताना तो घालून एकदा पाण्यात उतरावे. छाती पाण्याबाहेर येते का, पाय आधी वर येतात का, टोच्यांच्या खिशापर्यंत हात पोहोचतो का आणि काठावर चढताना पाणी किती वेळात निथळते, हे तिथे समजते. आधीच्या वर्षापेक्षा सूट खोल बसू लागला असेल, तर तो उबेसाठी अंगणात वापरावा आणि बर्फासाठी दुसरा पाहावा.