दाढीनंतरच्या गाठी आणि काष्ठौषधींची पिशवी: एक परीक्षण

केस कुरळे आणि राठ असतील, तर दाढीनंतर मानेवर व जबड्याखाली लालसर, दुखऱ्या गाठी येण्याचा त्रास सहसा पाठ सोडत नाही. कापलेल्या केसाचे टोक अणकुचीदार होते, वाढताना ते वळून पुन्हा त्वचेत शिरते आणि शरीर त्याला रुतलेल्या काट्यासारखे वागवते. अनेक पात्यांच्या रेझरने हा त्रास वाढतो, कारण त्यात केस ओढला जाऊन त्वचेच्या पातळीखाली कापला जातो. बाजारातून आणि स्वयंपाकघरातून जमवलेले उपाय वापरून पाहताना मी एकच प्रश्न धरून ठेवला: वस्तू नुसत्या सुजेवर काम करते, की अडकलेल्या केसालाही वाट करून देते?

तुरटीचा खडा काष्ठौषधींच्या दुकानात अगदी थोडक्या पैशांत मिळतो आणि कित्येक महिने पुरतो. तुरटी स्तंभक असल्यामुळे बारीक कापलेल्या जागेचे रक्त थांबते, त्वचा आवळली जाते आणि जंतूंनाही थोडा आळा बसतो; म्हणून दाढी झाल्यावर ओल्या चेहऱ्यावरून खडा एकदा फिरवून मिनिटभराने धुऊन टाकणे योग्यच आहे. मात्र आधीच सुजलेल्या गाठीवर ती रोज घासली, तर त्वचा कोरडी पडते आणि आतल्या केसाची वाट अधिकच बिकट होते. तो खडा घरात एकाचाच असावा, हेही सांगायला हवे. सामायिक खड्याची आपल्याकडची सवय आरोग्याला धरून नाही.

कोरफडीचे काम सुजेपुरतेच आहे, पण ते ती चांगले करते. कुंडीतले पान कापल्यावर निघणारा पिवळसर चीक आधी निथळू द्यावा, कारण त्यानेच अनेकांना खाज सुटते, आणि मग आतला पारदर्शक गर लावावा. दुकानातील हिरव्यागार, सुगंधी जेलमध्ये रंग व अत्तर असल्याने त्यापेक्षा कुंडीतील पान मला केव्हाही सरस वाटते.

अपेक्षेपेक्षा उजवे ठरले ते उटणे. मसूर डाळ, नागरमोथा, वाळा, आंबेहळद अशा घटकांचे वस्त्रगाळ उटणे कोमट पाण्यात किंवा दुधात कालवून आठवड्यातून दोनदा हलक्या हाताने लावले, तर मृत त्वचेचा थर सुटतो आणि केसाला बाहेर येण्यास खरोखर मदत होते. सगळे काही ते किती बारीक दळले आहे, यावर अवलंबून आहे. दिवाळीच्या तोंडावर मिळणाऱ्या पाकिटांत संत्र्याच्या सालीचे खरखरीत कण आणि भरमसाट सुगंध असतो. अंगाला ते चालेल, मानेच्या नाजूक त्वचेला नाही. गाठ दुखत असताना तर कोणतेच उटणे घासू नये.

लिंबू आणि खाण्याचा सोडा यांची शिफारस फार होते, ती मला मान्य नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात. त्वचा स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते, आणि अल्कधर्मी सोडा तिचे संरक्षण कमी करतो. टी ट्री तेलात जंतुनाशक गुण आहेत, परंतु ते पातळ न करता लावल्यास आग होते आणि काहींना त्याची ॲलर्जीही येते. किमतीच्या मानाने मी ते पुन्हा घेणार नाही.

या सगळ्यांहून प्रभावी ठरणारा उपाय कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही: कोमट पाण्यात भिजवलेले स्वच्छ फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवणे आणि काही आठवडे दाढी न करणे. केस पुरेसा वाढला की बहुतेक वेळा तो आपोआप मोकळा होतो. सुई किंवा चिमट्याने खोल कोरल्यास मात्र व्रण राहतो. केसाचा वेढा वर दिसत असेल, तरच निर्जंतुक चिमट्याने तो अलगद उचलावा आणि उपटू नये. गाठीत पू झाला, लाली पसरू लागली, ताप आला किंवा व्रण फुगून वाढू लागला, तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी तर इतकी वाटही पाहू नये.