पडद्यावर वळवळणारे जंत

मुलगी रात्री झोपेत दात खाते आणि ढुंगण खाजवत उठते, एवढं सांगितलं की कुणीही ‘जंत’ म्हणतं. दात खाणं हा काही जंतांचा पुरावा नाही, पण रात्रीच्या खाजेवरून संशय घेणं रास्तच. फसवणूक झाली ती पुढे.

एका ‘तपासणी केंद्रात’ तिच्या मुठीत धातूच्या दोन कांड्या दिल्या. संगणकावर आतड्याचं रंगीत चित्र, त्यात लालभडक जंत वळवळताहेत. रिपोर्टमध्ये यकृतापासून मेंदूपर्यंत ‘परजीवी भार’, तोही टक्क्यांत! नंतर कांड्या माझ्या हातात दिल्या, तर तेच चित्र आणि आकडेही तेच. तरी शुद्धीकरणाच्या पावडरीचा महागडा कोर्स गळ्यात मारलाच. पाकिटावर ना घटक, ना वयानुसार मात्रा.

पावडर सुरू झाल्यावर शीमध्ये लांबच लांब बुळबुळीत दोऱ्या पडू लागल्या. फोटो पाठवला तर उत्तर, “बघा, निघाले!” प्रयोगशाळेत त्या दोऱ्यांत एकही जंत सापडला नाही, फुगलेला भुसा आणि शेंबडासारखा चिकट स्राव, बस. खाज मात्र जशीच्या तशी. ती वाढली की म्हणे, ‘जंत मरताना लक्षणं वाढतातच.’

बालरोगतज्ज्ञांनी चिकटपट्टी वापरायला सांगितली. सकाळी उठल्या उठल्या, शी किंवा अंघोळीच्या आधी, पारदर्शक पट्टी गुदद्वाराभोवती दाबायची आणि काचपट्टीवर चिकटवून द्यायची; लागोपाठ तीन सकाळी. सूतकृमी म्हणजे रात्रीची ही खाज आणणारे सुतासारखे बारीक जंत; त्यांची मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, म्हणून शीच्या साध्या तपासणीत ती बहुधा सापडतच नाहीत. आमच्या पट्टीवर सापडली.

औषध साधंच: अल्बेंडाझोल, मात्रा डॉक्टरांनी वयानुसार ठरवलेली, दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी. औषधाने जंत मरतात, पण अंडी राहतात, अंथरुणावर दोन-तीन आठवडेही टिकतात. म्हणून दुसरा डोस, कापलेली नखं, सकाळची अंघोळ, गरम पाण्यात धुतलेल्या चादरी. नेमकं हेच ठाऊक नसलेल्या आईबापांना हे विक्रेते गाठतात: ‘गोळीने जंत परत येतात, आमच्याकडे मुळापासून जातात.’

पैसे परत मागितले. कोर्स मध्येच सोडल्यामुळे हमी रद्द झाली म्हणे.