मेपल नेक आणि सिंगल कॉइल: नऊ महिने वाजवल्यानंतर

नऊ महिने झाले गिटार घेऊन, रोज तासभर तरी हातात असतेच, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. इलेक्ट्रिक आहे, स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) टाइप. नेक, म्हणजे तारा दाबायची लांब दांडी, मेपलच्या एकाच तुकड्यातून काढलेली, वरून वेगळा फिंगरबोर्ड (बोटांखालची पट्टी) चिकटवलेला नाही, ट्रस रॉड (नेकचा बाक नीट करायची आतली लोखंडी सळई) मागून घातलाय म्हणून पाठीवर ती गडद पट्टी दिसते. 1954 साली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा नेक अशीच असायची, रोझवूडचा फिंगरबोर्ड नंतर 1959 मध्ये आला.

घेण्याआधी महिनाभर मेपलचा आवाज ब्राइट की रोझवूडचा मऊ यावर व्हिडिओ बघत बसलो होतो, सगळा वेळ वाया! अँपमधून येणारा आवाज डोळे मिटून ऐकला तर मला तरी लाकूड ओळखता येत नाही. बोटांना मात्र लगेच कळतं. मेपलच्या बोर्डवर लॅकर असतं, बेंड मारताना, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवताना, बोट सरसर सरकतं, तेलबिल लावायची भानगड नाही, कोरड्या फडक्याने पुसलं की झालं. पण पाठीमागचं तेच चकचकीत लॅकर घामाने इतकं चिकट व्हायचं की अंगठा अडकायचा, शेवटी फक्त मागची बाजू अगदी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने मॅट केली. सॅटिन (मॅट) फिनिशची नेक मिळत असेल तर सरळ तीच घ्या.

माझी खरी चूक रेडियसची, म्हणजे फिंगरबोर्डच्या गोलाईची; आकडा जितका लहान तितकी गोलाई जास्त. जुना लुक आवडला म्हणून सव्वासात इंचवाली उचलली, कॉर्ड्सना ती हातात मस्त बसते, पण बाराव्या फ्रेटच्या (फिंगरबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) पुढे पूर्ण सुराचा बेंड मारला की तार वरच्या फ्रेटला घासून आवाज मरतो. तारा थोड्या उचलल्यावर जमलं. लीड (सोलो) वाजवायचं असेल तर साडेनऊ इंचवाली बघा. आणि ट्रस रॉडचा नट कुठे आहे तेही बघून घ्या, माझा नेकच्या बुडाशी आहे, म्हणजे हवा बदलून नेक जराशी वाकली की तारा सैल करा, स्क्रू ढिले करा, नेक उचला, पाव फेरा द्या, परत सगळं बसवा आणि मग कळतं की पाव फेरा जास्त झालाय.

सिंगल कॉइल पिकअपच्या (तारेची थरथर पकडणाऱ्या, एकाच कॉइलच्या मॅग्नेटच्या) हमची, म्हणजे गुणगुणीची, भीती उगाच जास्त घातली जाते. क्लीन आवाजात त्रास नाही, गेन वाढवून आवाज फाटका केला की गुणगुण येतेच. आत कॉपर टेप लावली, चरचर बरीच गेली, पण ट्रान्सफॉर्मरची गुणगुण मॅग्नेटिक असते, टेपला ती जुमानत नाही, गिटारचं तोंड जरा फिरवून बसलं की कमी होते. पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या पोझिशनला, म्हणजे मधला आणि बाजूचा पिकअप एकत्र चालतात तेव्हा, ती जवळजवळ गायब, कारण मधला पिकअप उलट्या वाइंडिंगचा आहे. हे सगळ्या गिटारींत नसतं हं, घेण्याआधी विचारा.

सुरुवातीला जाड ई तार वरच्या फ्रेट्सवर काही केल्या सुरात लागेना, इंटोनेशन (तारेची लांबी कमीजास्त करून सूर जुळवणं) करून करून थकलो. पिकअप फार वर होते, मॅग्नेट तारेलाच ओढत होते! शेवटच्या फ्रेटला तार दाबून जाड बाजूला साधारण अडीच मिमी आणि बारीक बाजूला दोन मिमी अंतर ठेवलं, सूर लगेच सरळ झाला.

ब्रिज पिकअपला (तारा बुडाशी टेकतात त्याच्या जवळच्या) मात्र जुन्या वायरिंगप्रमाणे टोन नॉबच नव्हता, आवाज सुईसारखा टोचायचा. गेल्या महिन्यात एक छोटी वायर सोल्डर करून खालचा नॉब त्याला जोडला, आता टोन सहा-सातवर ठेवतो आणि घरचे दार लावून घे म्हणायचे थांबलेत.