नोटरीवर भागवलं आणि घर अडकलं

लिहायला लाज वाटते. तीस वर्षं कचेरीत लोकांचे कागद तपासले आणि स्वतःच्या फ्लॅटच्या भाडेकराराचा कागद न वाचता सही केली. तरी लिहिते, कारण आमच्याच सोसायटीत आणखी दोघांचे करार नोंदणी न करता नुसत्या नोटरीवर आहेत असं परवा कळलं.

पहिल्या वर्षी सगळं रीतसर होतं. 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहायला देण्याचा करार, नोंदणी केलेला. भाडं 14,000, डिपॉझिट 40,000, पोलिसांत माहिती दिलेली. भाडं 5 तारखेच्या आत यायचं.

मुदत संपत आली तेव्हा भाडेकरू म्हणाला, "काकू, परत एजंटला 3,500 कशाला घालता? माझ्या ओळखीचा नोटरी आहे, 500 रुपयांत होतं. ते पण मीच देतो."

इथेच. इथेच मला कळायला हवं होतं. भाडेकरू पदरमोड करून घरमालकिणीचे पैसे कशाला वाचवेल? पण त्या आठवड्यात ह्यांची अँजिओप्लास्टी झाली होती, मी हॉस्पिटलच्या बाकावर झोपत होते आणि कागद त्याने तिथेच आणला. माझ्या जागी कुणीही सही केली असती. त्या कागदात डिपॉझिटचा आकडाच नव्हता, हे मला आठ महिन्यांनी कळलं.

तोवर भाडं बंद झालं होतं. घर सोडा म्हटल्यावर काकूची मॅडम झाले. वकिलाच्या नोटिशीला उत्तर आलं: डिपॉझिटपोटी एकूण 2,40,000 दिलेत, वरचे 2 लाख रोख, आणि तीन वर्षं राहायचं तोंडी ठरलंय. धादांत खोटं! पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55 वाचा. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. नसेल, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकालाच 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. "11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्रात लागते.

नोंदणी असती तर कलम 24 हाताशी होतं: सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज, आणि मुदत संपल्यापासून भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई. मला दिवाणी दाव्याच्या तारखा मिळाल्या.

पोलिसांत पाच वेळा गेले. "घर तुम्हीच दिलंत ना? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." साधी अदखलपात्र नोंद करायला तिसरी खेप लागली. वैतागून एकदा दोन तास त्याचं पाणी बंद केलं, तर त्याची तक्रार त्याच संध्याकाळी लिहून घेतली आणि मला बोलावून दम भरला. माझ्या घरात फुकट राहणाऱ्याला खुर्ची, आणि मी उभी! (पाणी, वीज तोडू नका. तो गुन्हा आहे आणि ते त्याच्या पथ्यावरच पडतं.) सोसायटीचे सेक्रेटरी एवढंच म्हणाले, मेंटेनन्स थकवू नका.

आता हिशेब. अकरा महिन्यांचं थकलेलं भाडं 1,54,000. डिपॉझिट वळतं करून 1,14,000. मेंटेनन्स 24,200. वीजबिल 8,640, मीटर माझ्या नावावर. वकील 35,000. आणि शेवटी तडजोड म्हणून, माझंच घर रिकामं करायला, त्याला दिलेले 60,000. एकूण 2,41,840. नोंदणीचा सरकारी खर्च दोन हजारांच्या आत होता.

जुना करार संपायच्या आधीच नवा नोंदवा. डिपॉझिट रोख घेऊच नका, खात्यावर घ्या. दुसऱ्याच महिन्याचं भाडं चुकलं की नोटीस द्या. मी चार महिने "देतो काकू" ऐकत बसले.

लोक म्हणतात, सुटलात ना, विसरा आता. ह्यांच्या पुढच्या उपचारांसाठी बाजूला ठेवलेली ठेव मोडून त्याला ते 60,000 दिलेत.